चौथ्या पानावरचं दार

थांबा, लगेच पान उलटू नका, मी वहीच बोलतेय. दोनशे पानी, चौकटींची, गणितासाठी आणलेली. गणित माझ्यात दीड पान आहे, तेही चुकलेलं. बाकी सगळी मी 'राखवाट'ची.

राखवाट म्हणजे व्हिडिओ गेम. एक भटका, एक जळून गेलेलं राज्य, आणि कुठे जायचं, कुणाशी भांडायचं, कुणाला सोडून द्यायचं हे आपण ठरवायचं. आजवर नऊ भाग आले. पहिले तीन म्हणजे सोनं. बाकीच्यांबद्दल बोलतेच, ते कुठे पळून जात नाहीत.

माझे मालक दोन. ताई आणि तिचा धाकटा भाऊ ढापण्या. चष्म्यामुळे ढापण्या, आई सोडली तर घरात सगळे त्याला तेच म्हणतात. पहिला भाग आला तेव्हा ती बारा वर्षांची, तो नऊचा, आणि कंट्रोलर एकच. ताई खेळायची आणि हा मागून हुकूम सोडायचा, अगं उडी मार, अगं मागे बघ. तिसऱ्या दिवशी ताईने त्याचे खांदे धरले, टीव्हीकडे पाठ करून जमिनीवर बसवलं आणि मला त्याच्या मांडीवर आपटलं.

"बघायचं नाही. मी सांगते, तू नकाशा काढ."

"मग मला दिसणार काय?"

"वही."

तोच घरचा कायदा झाला. एक भाग ती खेळणार, पुढचा तो. वहीवाला कायम पाठमोरा. त्यात ढापण्याने जरा जास्तच डोकं चालवलं. मी उलटा बसलोय, म्हणजे तिचं उजवं ते माझं डावं. त्यामुळे ती "उजवीकडे गुहा" म्हणाली की हा डावीकडे काढायचा. चाळीस पानं भरल्यावर भानगड कळली. ताई दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी. पण तोवर दोघांना मला उलटं वाचायची इतकी सवय झाली होती की पुढेही तसंच चालू ठेवलं. माझ्यातलं आख्खं राज्य आजही उलटं आहे, आणि ते दोघं त्यात कधीच चुकत नाहीत.

आता माझं चौथं पान. मिठागर नावाचं गाव, विहीर, विहिरीशेजारी बंद दार. चावी नाही, फोडता येत नाही. पण भटक्याला दाराला कान लावायला लावला की आत कुणीतरी खोकतं. बस, एवढंच. ढापण्याने तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. समासात दोघांचे अंदाज: राजाची हरवलेली मुलगी, पळालेला जल्लाद, भटक्याचा बाप. आई चहा घेऊन जाता जाता म्हणाली, "इतका खोकतोय बिचारा, कुणीतरी पाणी द्या की." ढापण्याने तेही लिहिलं. 'पाणी द्या (आई).'

दुसऱ्या भागात दार बंदच. तिसऱ्यातही बंद, पण खोकला म्हातारा झाला होता. कुणाच्या डोक्यातून आलं असेल हे? मला हात असते तर मी त्या माणसाचे पाय धरले असते.

तो माणूस बहुतेक नोकरी सोडून गेला. कारण चौथ्या भागापासून जी घसरगुंडी लागली ती लागलीच. चौथ्यात नकाशा पडद्यावरच आला. सहाव्यात सोनेरी बाण आला, इकडे चला, तिकडे वळा, जणू खेळणाऱ्याचे डोळे घरी राहिलेत. सातव्यात एक बडबडी सोबतीण आली. कोडं दिसायच्या आत म्हणते, "मला वाटतं तो खटका ओढायला हवा!" तुला वाटतं ना, मग तूच खेळ बाई. आठव्यात कुणी काही विचारलं की उत्तरं तीन: हो, हसून हो, रागावून हो. सबंध आठव्या भागाने माझी अर्धी ओळ खाल्ली. तिथे ताईने लिहिलंय, 'झोप आली.'

मग नववा जाहीर झाला. जाहिरातीत ठळक अक्षरांत: मिठागरचं दार उघडणार.

आता ताई एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते, ढापण्या लिफ्ट दुरुस्त करतो. शहराच्या दोन टोकांना राहतात. रविवारची दुपार, ताईचं घर, मी आणि राखवाट, एवढीच त्यांची भेट. नववा भाग आला त्या रविवारी ढापण्या चप्पल काढता काढता म्हणाला, "ताई, हाही भंगार निघाला तर बास. वही रद्दीत दे. मलाही रविवारी जादा कामं मिळतात."

"बरं," ताई म्हणाली. एवढंच. माझी पानं गार पडली.

पाळी ताईची होती. ढापण्या पाठ करून बसला, चौथं पान उघडून, पेन्सिलीला टोक करून.

"मिठागरला आले," ताई म्हणाली. "बाण दाराकडेच दाखवतोय."

"कान लाव आधी."

"कान लावायचं बटणच काढलंय." मग, "उघडलं. आपोआप उघडलं."

"आत कोण आहे?"

टीव्हीतून सोबतीण टाळ्या पिटत किंचाळली, "वा, खजिना!"

"ताई, कोण आहे?"

"पेटी आहे. पेटीत टोपी आहे."

"कसली टोपी?"

"पिसाची. घातली की नाचता येतं म्हणे."

"आणि खोकत कोण होतं?"

"कुणी नाही रे. खोलीत पेटी सोडून काही नाही."

एकोणीस वर्षं, आणि टोपी! त्या लोकांनी आपलेच जुने भाग कधी उघडून बघितले असतील असं मला वाटत नाही. दार आठवलं, खोकला विसरले.

ढापण्याने मला मिटलं. "मी रोज लिफ्टची दारं उघडतो. दारामागे मोकळा खड्डा असला तरी आम्ही आधी वाकून बघतो. यांनी तेवढंही नाही केलं." तो उठायला लागला.

"कुठे निघालास? पाठ कर," ताई म्हणाली आणि टीव्ही बंद केला. "वही उघड. पान चार."

"टीव्ही बंद आहे, ताई."

"तुला कधी दिसत होता?"

तो बसला. ताईने कंट्रोलर कॉटवर टाकला आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिली. "मी दाराला कान लावलाय. खोकतोय. विहिरीतून तांब्याभर पाणी आणलंय. ढकलते दार. आत खाली उतरायला पायऱ्या आहेत, अकरा. उजवीकडे कोनाडा."

ढापण्याने कोनाडा डावीकडे काढला. बरोबर जागी.

"कोनाड्यात कोण?" त्याने विचारलं, मान न वळवता.

"थांब, आधी पाणी पिऊ दे त्याला."

प्रश्नचिन्ह त्याने खोडलं नाही, त्याच्यातूनच पायऱ्या खाली नेल्या. माझी सत्तावीस पानं अजून कोरी आहेत आणि पुढच्या रविवारी ढापण्याने जादा काम घेतलेलं नाही. तेव्हा राखवाटवाल्यांनो, दहावा भाग खुशाल काढा, त्यात बाण दुप्पट मोठा करा, ती टोपी आपल्याच डोक्यावर घाला आणि नाचा. फक्त आवाज कमी ठेवा. इथे म्हातारा पहिल्यांदाच पाणी पितोय.