ओल्शनीत्सकरांचा थांबा

लग्नाला अठ्ठावन्न वर्षं झाली. त्यातलं किमान एक वर्ष तरी मी थांब्यात घालवलं असेन.

थांबा बसचा नव्हे. बस बिचारी येते तरी. हा थांबा आम्हा ओल्शनीत्सकर ज्यूंच्या निगुनातला. निगुनाला शब्द नसतात, नुसती चाल असते. बिम-बाम, याय-दाय करत माणूस देवापर्यंत पोचतो, असं आम्हा बायकांना सांगण्यात आलेलं आहे. आमच्या निगुनाला तीन कडवी. पहिलं सरळ, दुसरं चढत जाणारं, आणि दुसरं संपलं की थांबा. माझे यजमान झान्विल उजव्या हाताचं बोट वर करतात, डोळे मिटतात आणि गप्प होतात. त्यांच्याबरोबर सगळं टेबल गप्प. तो किती वेळ चालावा याला काही नियम नाही. एका सणाला तेवढ्यात मी स्वयंपाकघरात जाऊन कुगल कापून, ताटल्यांत वाढून परत आले, तरी बोट वरच होतं.

"दुसऱ्या कडव्यात आत्मा देवाच्या दाराशी पोचतो," ते नव्या पोरांना समजावत. "मग काय, धाडकन आत घुसायचं? सासुरवाडी आहे का ती? थांबायचं. आतून हाक येईपर्यंत."

ओल्शनीत्स गाव आता नाही. रेब्बे, म्हणजे आमचे गुरू, नाहीत, त्यांच्या गादीवर कोणी नाही. उरलेत ते गेउला वस्तीतल्या एका लॉन्ड्रीखालच्या प्रार्थनाघरात बसणारे आम्ही चाळीस उंबरे. आणि हा एक निगुन, तोही झान्विलच्या गळ्यात. त्यांच्या वडिलांनी तो शेवटच्या रेब्बेंच्या तोंडून ऐकला होता. लढाईच्या काळात सगळं कुटुंब समरकंदला जाऊन पडलं, झान्विल जन्मले तिथेच, आणि ते पाच वर्षांचे असताना वडील तिथेच गेले. फोटो नाही, घड्याळ नाही, थडगं कुठे आहे माहीत नाही. वडिलांचं म्हणून झान्विलकडे काय, तर ही चाल आणि हा थांबा. त्यामुळे मी थांब्याची थट्टा स्वयंपाकघरातच करत असे, तीही हळू आवाजात.

अशात एका मंगळवारी दुपारी कुसिएल आला. वय सव्वीस, दाढीला जेमतेम चार केस, लग्नांत कीबोर्ड वाजवतो. त्याचा आजा आमच्यापैकी. टेबलावर मोबाइल ठेवून, वडीलधाऱ्यांच्या नावाला लावतात तसं 'रेब' लावून म्हणाला, "रेब झान्विल, आमची पिढी तहानलेली आहे हो. जुन्या चाली नव्या साजात लोकांपर्यंत न्यायच्यात. तुम्ही फक्त एकदा गा."

'तहानलेली' म्हटल्यावर झान्विल विरघळले. मीही विरघळले, म्हणून दोघांना चहा केला. आमच्याकडे चहा काचेच्या पेल्यात आणि उकळता.

झान्विल गायले. पहिलं कडवं, दुसरं कडवं, बोट वर, डोळे बंद. थांबा. कुसिएल श्वास रोखून बसलेला. मग डोळे मिटलेलेच ठेवून झान्विलनी हात खाली आणला तो थेट पेल्यावर, आणि पेला थेट मांडीवर.

"आय-याय-याय!"

निगुन मध्येच तोडायचा नाही हा आमच्याकडचा दंडक. त्यामुळे भिजल्या विजारीनिशी त्यांनी तिसरं कडवं तडीस नेलं. मी फडकं घेऊन धावले. कुसिएल मात्र ढसाढसा रडत होता. म्हणाला, असा आर्त सूर त्याने जन्मात ऐकला नव्हता. त्याला चहा दिसलाच नाही. तो वेगळ्या जगात होता.

तीन महिन्यांनी शुक्रवारी सकाळी झान्विल मासा आणायला गेले आणि रिकाम्या हाती परत आले. टोपी वाकडी, चेहरा पांढरा.

"अगं फ्रूमेत," ते खुर्चीत बसत म्हणाले, "मी रेडिओवर आहे."

"अरे वा!"

"आणि मला भाजतंय."

मासेवाल्याच्या दुकानात तेच लागलं होतं. ढोल, गिटार, मागे पन्नास पोरांचा कोरस, आणि मधोमध माझ्या नवऱ्याचा 'आय-याय-याय' एकदा नव्हे, चार वेळा फिरवून फिरवून. मासेवाला हातातला सुरा तसाच धरून डोळे पुसत होता. आणि थांबा? थांबा नव्हताच. दुसरं कडवं संपतं न संपतं तोच ती बोंब.

महिन्याभरात गेउलात दुसरं काही ऐकू येईना. लग्नात तीनशे पोरं त्या 'आय-याय-याय'ला एकदम उड्या मारत. भिंतीवर चिकटवायच्या पत्रकात एका विद्वानाने लिहिलं की त्यातल्या तीन आरोळ्या म्हणजे त्रिलोक, आणि तिसरीतला कंप म्हणजे आत्म्याची शेवटची साखळी तुटणं. बेकरीच्या रांगेत एक बाई माझा हात धरून म्हणाली, "रेब झान्विलच्या त्या हाकेत काय व्याकुळता आहे हो! कुठून येते?"

"मांडीवरून," मी म्हणाले. तिला वाटलं ही काहीतरी गूढ विद्या आहे, तिने मान डोलावली.

मला गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू. चहा माझा होता. पण झान्विल झुरायला लागले. जेवताना घास हातात धरून बसत. "मी मेल्यावर टाटेचं, माझ्या वडिलांचं, काय उरणार?" ते म्हणत. "एक बोंब. टाटेच्या थांब्याच्या जागी माझी बोंब."

शेवटी त्यांनी कुसिएलला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं, चहासकट. पोराचा चेहरा उतरला. विद्वानाला काय सांगायचं, हा त्याला पहिला प्रश्न पडला असावा.

"थांबा परत घाल," झान्विल म्हणाले.

"मी काढला नाही हो. कॉम्प्युटरला शांतता म्हणजे कचरा वाटतो, आपोआप झाडून टाकतो. आणि रेब झान्विल, रागावू नका, इतका वेळ आवाज आला नाही तर लोकांना वाटतं मोबाइल बंद पडला."

"पडू दे बंद! रेब्बेंचा थांबा आहे तो!"

"रेब्बेंचाच असेल तर मी नवं रेकॉर्डिंग करतो, दाढीवर हात ठेवून सांगतो," कुसिएल म्हणाला. दाढी कुठे आहे हे त्याला शोधावं लागलं. "पण तुम्ही तर रेब्बेंना पाहिलेलंच नाही. दुसरं कोणी ऐकलंय?"

ऐकलं होतं. झान्विलची थोरली बहीण हेन्ये हैफाला राहते. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, कानाने थोडी मंद, जिभेने नाही. गाव सुटलं तेव्हा ती आठ वर्षांची होती, ओल्शनीत्सची तीच एक साक्षीदार. रेब्बेंच्या पुण्यतिथीच्या शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला, ती येणारच होती. तिने सांगावं, आणि ती सांगेल ते दोघांनी मानावं, असं ठरलं. झान्विल त्या आठवड्यात चक्क शीळ घालत होते.

शुक्रवारी सकाळी हेन्ये आली, कोट काढायच्या आत तिला साक्षीला बसवलं.

"आजी," कुसिएल तिच्या कानाशी ओरडला, "दुसऱ्या कडव्यानंतर तुमचे वडील थांबायचे का?"

"कोण झोपायचं?"

"थांबायचे का! गाताना!"

"थांबायचा की टाटे. असं बोट वर करून."

झान्विलनी कुसिएलकडे असं पाहिलं की पोराने खिशातून मोबाइल काढून नवं रेकॉर्डिंग कधी करायचं ते बघायला सुरुवात केली. इथेच सगळ्यांनी उठायला हवं होतं. पण माझ्या नवऱ्याला विजय पुरेसा होत नाही, त्यावर साखर लागते.

"आणि रेब्बेही असेच थांबायचे ना, हेन्ये? सांग याला."

"रेब्बे?" हेन्ये म्हणाली. "छे! रेब्बे कसले थांबतात. टाटे मला खांद्यावर घेऊन जायचा ना, मी पाहिलंय. दम लागायच्या आत संपवायची घाई असायची त्यांना. थांबा समरकंदचा. तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"तुला डांग्या खोकला झाला होता रे, झान्वेले. दीड वर्षाचा होतास, एवढासा. टाटे तुला झोपवायला हेच गायचा, त्याला दुसरं येत होतं काय? खोकून खोकून तू मध्येच निपचित पडायचास. मग टाटे गाणं थांबवून, बोट वर करून आम्हाला सगळ्यांना गप्प करायचा. ऐकायचा, तू श्वास घेतोयस का. पुढे तुझा खोकला गेला, टाटेची सवय गेली नाही." मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "फ्रूमेत, चहा मिळेल का गं? पण कोमट दे."

कुसिएल चांगल्या घरचा मुलगा आहे, हसला नाही. मोबाइल खिशात टाकत म्हणाला, "रेब झान्विल, मी कोणाला सांगत नाही. थांबा घालतो. लोकांना सांगू, रेब्बेंचाच."

"रेब्बेंच्या नावावर माझा खोकला खपवू?" झान्विल म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

दुपारी मी मासा शिजवत होते तेव्हा ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. कधी येत नाहीत.

"साठ वर्षं मी त्या दारात उभा आहे, फ्रूमेत," ते म्हणाले. "आतून कधीच काही ऐकू आलं नाही. एकदाही नाही. मी पोरांना सांगायचो हाक येते, आणि मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे, अजून नीट गायला हवं, अजून थांबायला हवं. आणि तिथे दारच नव्हतं."

अठ्ठावन्न वर्षं मी त्या बोटाची टर उडवली, आणि ते बोट वर असताना हा माणूस इतका एकटा असतो हे मला माहीत नव्हतं. मला माझी लाज वाटली. हेन्येचा रागही आला, तिने काही केलं नव्हतं तरी. मी म्हणाले, "अहो, मीठ बघा जरा पुरेसं आहे का." त्यांनी चव घेतली आणि मान हलवली.

शनिवारी संध्याकाळी, शब्बाथच्या तिसऱ्या जेवणाला प्रार्थनाघर खच्चून भरलं होतं. आमचे चाळीस, आणि गाणं गाजल्यापासून यायला लागलेली बाहेरची पोरं वेगळीच. या जेवणाला आमच्याकडे दिवे लावत नाहीत, दिवस मावळेल तसं मावळू देतात. पुरुषांपासून आम्हाला वेगळं करणाऱ्या जाळीच्या अलीकडे आम्ही बायका खारवलेला हेरिंग मासा आणि पाव घेऊन बसलो होतो. हेन्येला मी जाळीला अगदी लागून बसवलं, म्हणजे तिला थोडं तरी ऐकू येईल.

झान्विल उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. चहा, बोंब, समरकंद, खोकला. एक अक्षर गाळलं नाही. "मी तुम्हाला साठ वर्षं चुकीचं शिकवलं," ते म्हणाले. "आजपासून निगुन सरळ. थांबा नाही."

"नाही कसा?" आमचे कारभारी रेब फिशेल उसळले. "मी मुलीचं लग्न त्या थांब्यात ठरवलं! किडनीचं ऑपरेशन त्या थांब्यात ठरवलं! आता सांगतोस खोकला होता?"

"खोकलाच होता, फिशेल."

"मुलगी सुखात आहे," फिशेल पुटपुटले आणि बसले.

मग झान्विलनी पहिलं कडवं सुरू केलं. सगळे त्यांच्या मागे. उजेड इतका कमी झाला होता की मला फक्त त्यांची पांढरी दाढी दिसत होती. दुसरं कडवं चढलं, चढत गेलं, संपलं. बाहेरच्या पोरांनी 'आय-याय-याय'साठी छाती भरून घेतली. कुसिएलने शेजाऱ्याच्या तोंडावर हात दाबला.

तिसरं कडवं आलं नाही. झान्विल थांबले होते. थांबायचं नाही असं स्वतःच सांगून थांबले होते. बोट वर नव्हतं, दोन्ही हात टेबलावर होते. ओल्शनीत्सकर गप्प बसण्यात पटाईत आहेत, पण ही शांतता मी ओळखते ती नव्हती. माझ्या लक्षात आलं की ते कशाची वाट बघत नव्हते. त्यांना पुढे जाताच येत नव्हतं. मी जाळी घट्ट धरली.

"चालू आहे, टाटे!"

हेन्ये ओरडली होती. कानाने मंद माणसं ओरडतात तसं, अख्ख्या घराला ऐकू जाईल असं. तिने कान जाळीला लावला होता, डोळे मिटले होते, आणि तिचा चेहरा लहान मुलीचा झाला होता.

"श्वास चालू आहे त्याचा! गा तू पुढे!"

तेव्हा मला कळलं की समरकंदला ते काम तिचं होतं. बाळाच्या तोंडाशी कान नेऊन बापाला सांगायचं.

जाळीपलीकडे बाईचा आवाज कधी गेला नव्हता आमच्या प्रार्थनाघरात. कोणी हूं केलं नाही, फिशेलनीसुद्धा नाही. अंधारात झान्विलचा हुंदका ऐकू आला, आणि त्यातूनच त्यांनी तिसरं कडवं उचललं. सूर पार चुकला होता. एरवी एका सुरासाठी भांडणाऱ्या त्या चाळीस जणांनी तो तसाच धरला आणि त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत गायले.