न कापलेलं भाषण

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. टेबलावरची, डोक्यावर थाप पडली की 'टिंग' म्हणणारी. माझं पितळ एका बुडालेल्या बोटीचं आहे, असं मी सगळ्यांना सांगते. भुलेश्वरच्या ज्या कारागिराने मला ओतलं, तो ठामपणे 'नाही' म्हणायचा. पण त्याला काय कळतंय!

गेली चाळीस वर्षं मी गिरगावातल्या एका वाडीच्या गणित मंडळात नोकरीला आहे. दर शनिवारी इथे गणितावर नाहीतर कॉम्प्युटरवर कुणीतरी बोलतं. विसावं मिनिट भरलं की चिटणीस रघुवीरकाका मला थाप मारतात आणि वक्ता गप्प! "काय शिस्त!" लोक म्हणायचे, आणि मी फुशारून जायचे. अनंतावर बोलायला आलेल्या प्राध्यापकांनाही मी विसाव्या मिनिटाला संपवलं. त्यांचं अर्धवट 'म्हणून' अजून पंख्याला लटकलंय.

पण खरं सांगू? एकाही भाषणाचा शेवट मी ऐकलेला नाही. सहा दिवस कपाटात हजेरीवहीखाली पडून तळमळत असते, पुढे काय होतं म्हणून.

मागच्या वर्षी नायगावची अक्षता पहिल्यांदाच बोलली. ऐन गंमत उलगडताना मी वाजले. पोर जिन्यात जाऊन बसली. यंदा आल्या आल्या ती मंडळातल्या जुन्या नलूमावशींना म्हणाली, "आज तोडलं ना, तर परत नाही उभी राहणार."

माझी स्प्रिंग धडधडायला लागली.

काका म्हणाले, "वीस मिनिटं. एकविसावं माझं."

"चालेल काका. पण आज तुम्ही माझे कॉम्प्युटर. आकडा सम आला तर निम्मा करायचा. विषम आला तर तिप्पट करून एक मिळवायचा. उत्तर एक आलं की घंटी वाजवा, मी थांबते. सुरुवात तुमच्या खोली नंबरापासून."

"सत्तावीस? चहा निवायच्या आत संपवतो."

ब्याऐंशी, एक्केचाळीस, एकशे चोवीस... मग आकडा चढत सुटला. चहा निवला. काका बँकेतून रिटायर झालेले. हिशोब अर्धा सोडतील कसले!

"रघू, अरे वाढतंय की कमी होतंय?" नलूमावशी.

"गप गं नलू! नऊ हजार दोनशे बत्तीस. हातचा चुकेल!"

विसावं मिनिट उलटून गेलं, तरी तिकडे अक्षता मोकळेपणी बोलत होती. शेवटचं वाक्य मी कान टवकारून ऐकलं: "प्रत्येक आकडा असा एकावर येतोच का, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही."

टाळ्या! काका ओरडले, "थांबा रे, आठ... चार... दोन... आला! एक आला!"

टिंग! एकशे अकराव्या पायरीवर. आयुष्यात पहिल्यांदा मी वाजले आणि कुणी गप्प झालं नाही. उलट टाळ्या वाढल्या.

म्हणून मित्रांनो, आम्हा घंट्यांना पुसत जा, स्प्रिंगला थेंबभर तेल घाला. आणि थाप मारण्याआधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघा. बहुतेक वेळा एकच वाक्य उरलेलं असतं.