जर्मनीची चाकं

तेलगावच्या नाक्यावर रामकिसन टर्नरचं पत्र्याचं शेड आहे. साखर कारखान्यात तीस वर्षं धातू कातायचा लेथ चालवून तो निवृत्त झाला आणि एक जुना लेथ घेऊन इथं बसला. ट्रॅक्टरच्या पिना, पंपाचे शाफ्ट, दिवसभर असलीच कामं. पण त्याचं मन लागायचं ते कल्याणरावांच्या कामात.

कल्याणराव अंबाजोगाईचे. खाली हार्डवेअरचं दुकान, वरच्या मजल्यावर त्यांची रेल्वे. खऱ्या गाडीपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान, पण रूळ, सिग्नल, बोगदा, सगळं जिथल्या तिथं. नऊ वर्षांपूर्वी रामकिसन त्यांच्या दुकानात कानस घ्यायला गेला होता. कल्याणरावांनी गल्ल्यातून नखाएवढं एक चाक काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, असं तुझ्याकडून होईल का. रामकिसननं ते कागदात बांधून घरी आणलं. पहिली बारा चाकं बिघडली. रुळावरून घसरू नये म्हणून चाकाला जी कड असते ती इथं एक मिलिमीटरसुद्धा नव्हती, आणि ती काढायला लागणारं हत्यार बाजारात मिळत नव्हतं. शेवटी भिंग लावून त्यानं ते स्वतःच घासून केलं. तेरावं चाक जमलं.

त्यानंतर कल्याणरावांच्या गाड्यांची सगळी चाकं, आस, दांडे रामकिसनच्या लेथवरच झाले. त्यानं कधी मजुरी मागितली नाही. पंधरा दिवसांतून एकदा तो अंबाजोगाईला जायचा, दोघं वरच्या खोलीत चहा घेत बसायचे आणि गाडी फिरताना बघायचे. त्या खोलीत कल्याणराव शेठ नसायचे आणि तो टर्नर नसायचा, असं त्याला वाटायचं.

बीडला खरी रेल्वे आली त्या हिवाळ्यात या छंदाच्या लोकांनी बीडमध्येच प्रदर्शन भरवायचं ठरवलं. पुणे, सोलापूर, हैदराबादहून माणसं येणार होती. कल्याणराव त्यांचं काळं वाफेचं इंजिन ठेवणार होते. त्या एका इंजिनावर रामकिसननं आठ महिने घालवले होते. आपणही येतो, असं रामकिसन म्हणाल्यावर कल्याणराव जरा घुटमळले. गर्दी असंल, तुला कंटाळा येईल, असं काहीतरी बोलले. मग म्हणाले, चल, गाडीत जागा हाय.

रामकिसननं छबुबाईलाही बरोबर घेतलं. नऊ वर्षांत तिनं ती छोटी रेल्वे चालताना पाहिली नव्हती. तिनं पाहिली होती ती नवऱ्याची दिव्याखाली वाकलेली मान. झाडताना काही चमकलं तर फेकू नको, एवढं तिला माहीत होतं. त्या दिवशी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये टेबलं जोडून रूळ मांडले होते. शाळेच्या मुलांची रांग दारापर्यंत गेली होती. कल्याणरावांचं इंजिन बारा डबे घेऊन निघालं, वळण घेतलं, बोगद्यातून बाहेर आलं. कुठं अडकलं नाही, कुठं थरथरलं नाही. छबुबाई टेबलांभोवती बांधलेल्या दोरीवर हात ठेवून बघत राहिली. हे समदं तुमी केलं, असं तिनं हळूच विचारलं. रामकिसन म्हणाला, फक्त खालचं. जे फिरतंय तेवढं.

टेबलावर इंजिनाची माहिती लिहिलेलं कार्ड होतं. वर कल्याणरावांचं नाव. आपलं नाव खाली असेल म्हणून रामकिसननं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, चाकं : जर्मनी.

त्यानं ती ओळ दोनदा वाचली. छपाईची चूक असेल, असंही त्याला वाटून गेलं.

तेवढ्यात पुण्याचे एक वयस्क गृहस्थ, ज्यांना सगळे सर म्हणत होते, टेबलाशी वाकले. इंजिन थांबवून त्यांनी चाकं बघितली आणि शेजारच्या माणसाला सांगू लागले, "ही फिनिशिंग बघा. आपल्याकडे हे होणं शक्य नाही. मशीन आणलं तरी हात कुठून आणणार?"

रामकिसन पुढं झाला. "सायेब, ही चाकं मी केलेली हायत. तेलगावला माजा लेथ हाय."

त्या गृहस्थांनी त्याच्याकडं पाहिलं. तुच्छतेनं नाही, चांगल्या मायेनं हसून पाहिलं. तेव्हा रामकिसननं सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. वेळेला लागलं तर म्हणून त्यानं चाकांची एक जोडी जास्तीची आणली होती. सरांनी ती उजेडात धरली, फिरवली, कडेवरून नख फिरवलं.

"हो, तीच. जर्मनच आहे," ते म्हणाले. "यांच्याकडे कशी?"

कल्याणराव घाईनं पलीकडून आले होते. रामकिसन त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. एक वाक्य हवं होतं, तेही लांबलचक नको होतं.

"आमचा मिस्त्री हाय," कल्याणराव म्हणाले. "लई वर्षांचा. फिटिंग तोच करतो, म्हणून सुट्टा माल त्याच्याकडं असतो." आणि सरांच्या हातातली जोडी घेऊन त्यांनी आपल्या खिशात टाकली.

सरांनी रामकिसनच्या पाठीवर थाप मारली. फिटिंगही सोपं नसतं, असं ते म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

छबुबाईनं सगळं ऐकलं होतं. दोरीवरचा हात तिनं काढून घेतला.

दुपारी बक्षिसं झाली. उत्कृष्ट इंजिनाची ढाल कल्याणरावांना मिळाली. टाळ्या संपल्यावर ते रामकिसनला कार्यालयाच्या मागं, मंडपवाल्यांनी खुर्च्या रचल्या होत्या तिथं घेऊन गेले. आठ वर्षांपूर्वी पुण्याच्या प्रदर्शनाला पहिल्यांदा गेलतो, त्यांनी सांगितलं. प्रत्येकाच्या गाडीखाली परदेशी माल. कुणीतरी विचारलं चाकं कुठली, आणि तोंडातून निघून गेलं जर्मनीची. तेव्हापासून तेच चालत आलं.

"आता कसं फिरवू रे शब्द? समदे खोटारडा म्हणतील. तुला काय फरक पडतो? गाडी तर तुज्याच हातानं पळाली."

"आठ वर्षं," रामकिसन म्हणाला. "दर पंधरा दिवसाला म्या तुमच्याकडं चहा पेलो, शेठ."

परतताना तो त्यांच्या गाडीत बसला नाही. दोघं नवराबायको स्टँडवर आले आणि परळीच्या एसटीत चढले. वडवणी मागं पडली. मग छबुबाई म्हणाली, त्या पुण्याच्या मानसाचा नंबर काढा अन् खरं काय ते सांगा.

"म्या सांगितलंच की," रामकिसन म्हणाला. "तुज्यासमोरच सांगितलं."

तीन आठवड्यांनी कल्याणराव शेडवर आले. सोबत पेढे होते. ते लोखंडी स्टुलावर बसले, लेथवरून हात फिरवला, प्रकृतीची चौकशी केली. मग मुद्द्यावर आले. पुण्याच्या सरांना त्याच जर्मन कंपनीची चोवीस चाकं हवी होती आणि कल्याणरावांनी मागवून देतो म्हणून कबूल केलं होतं. त्यांनी छोटे खोकेही छापून घेतले होते. एक खोका त्यांनी खिशातून काढून दाखवला. त्यावर इंग्रजीत काहीतरी होतं आणि कोपऱ्यात जर्मनीचा तीन रंगांचा झेंडा.

"तू म्हणशील ती मजुरी," ते म्हणाले. नऊ वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता.

रामकिसननं खोका उघडून आत पाहिलं. मापाचा होता. चाक आत हललं नसतं, एवढं मात्र कल्याणरावांनी नीट बघितलं होतं. त्यानं तो परत दिला आणि आपल्याला जमणार नाही म्हणून सांगितलं. कल्याणरावांनी कारण विचारलं. डोळे गेले म्हणाला. दोघांनाही ते खोटं आहे हे कळत होतं, आणि ते खोटं कल्याणरावांनी निमूटपणे घेतलं, कारण दुसरं काही ऐकायची त्यांची तयारी नव्हती. पेढे ठेवून ते गेले.

पुढं कळलं की ती चाकं त्यांनी लातूरच्या कुणाकडून तरी करून घेतली. ती घसरली. जर्मन माल आता पहिल्यासारखा राहिला नाही, असं पुण्यात बोललं गेलं म्हणे. आसाराम ट्रकवाला अंबाजोगाईहून ही बातमी घेऊन आला तेव्हा छबुबाई हसली. रामकिसनला हसू आलं नाही.

तो आता संध्याकाळी लवकर शेड बंद करतो. होळीनंतर एकदा त्यानं ते जुनं हत्यार काढलं, पितळेचा तुकडा लावला आणि दोन दिवसांत चाकांची एक जोडी केली. डोळे ठणठणीत होते. हातही. जोडी त्यानं फरशीवर ढकलली, ती थोडी गेली आणि सांध्याच्या खाचेत पडली. रूळ अंबाजोगाईला होते. नऊ वर्षांत आपल्या घरी वीतभर रूळ असावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं.