गाळाचं मैदान

आमची वस्ती घाटकोपरच्या टेकडीच्या अंगावर. इथे सपाट म्हणावी अशी वस्तू म्हणजे पोळीचा तवा. पोरांच्या क्रिकेटचा नियमही त्यातूनच आलेला. चेंडू खाली रस्त्यावर गेला की मारणारा आऊट, आणि चेंडू आणायलाही तोच जाणार.

अशा पोरांना माझी सून रुचिरा उत्तर भारताचं मैदान शिकवणार होती. समाजमंदिरात ती संध्याकाळचा वर्ग घेते. त्या दिवशी एका शाळेचे नंदकिशोर सर तिचा पाठ बघायला येणार होते. पाठ आवडला तर कायमची नोकरी. वर्ग भरलेला दिसावा म्हणून तिने मलाही बसवलं होतं.

"बाबा, फक्त बसा. बोलू नका."

सर मागे खुर्ची टाकून बसले. रुचिराने भिंतीवर नकाशा लावला. हिमालयातून नद्या येतात, गाळ आणतात, उतार संपला की तो पसरतो, असं छान सांगून तिने विचारलं, "मग हे मैदान कशाचं झालंय?"

सुयोग ताडकन उठला. "गाळ्यांचं!"

"गाळाचं रे. गाळ."

"नाही बाई, गाळे. खाली रस्त्याकडेच्या मैदानावर झालेत ना. एक मोबाइलवाल्याचा, एक चिकनवाल्याचा."

पोरं हसली. सर हसले नाहीत.

"अरे, गाळ म्हणजे नाल्यात साचतो तो," रुचिरा म्हणाली.

आता दिशा उठली. "तो तर काढून काठावर ठेवतात, बाई. मग पावसात परत आत जातो."

"गंगेचा कोणी काढला नाही."

"अगं आई! इतक्या वर्षांत?"

रुचिरा घाईने पुढे सरकली. "हे मैदान इतकं सपाट आहे, की चेंडू ठेवला तर जागचा हलणार नाही."

झालं. वर्ग पेटला.

"मग आऊट कसं होणार?"

"एकच जण दिवसभर बॅटिंग करणार?"

"चीटिंग आहे ही, यार!"

सर माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्हाला कळलं का?"

माझा जन्म कोकणातला. आमच्या गावी शेजाऱ्याचं अंगण आमच्या कौलांच्या उंचीवर. मी खरं ते सांगितलं. "कळलं, पण पटलं नाही. उतारच नाही, तर नदी जाईल कशी? उभी राहील. डास होतील."

सरांनी घड्याळ बघितलं. रुचिराने माझ्याकडे असं बघितलं, की रात्रीच्या जेवणाची आशा मी तिथेच सोडली.

मग तिने नकाशा गुंडाळला. "बाबा, एक बादली पाणी आणा."

टेकडीवर नळ फक्त सकाळी येतो, तेव्हा संध्याकाळी बादलीभर पाणी मागणं म्हणजे गळ्यातला दागिना मागणं. पण मी गुमान आणलं.

सगळे बाहेर आले. समाजमंदिरापासून पायऱ्या खाली उतरतात, मध्येच एक सपाट टप्पा लागतो. रुचिराने कुंडीतली माती वरच्या पायरीवर पसरली. नीट दिसावं म्हणून सर खाली त्या टप्प्यावर जाऊन उभे राहिले.

"हा हिमालय," म्हणत तिने बादली उलटी केली.

नदी धावतच निघाली. लाल पाणी पायऱ्यांवरून उड्या मारत टप्प्यावर पोचलं, आणि तिथे त्याचा जोर गेला. ते पसरलं, जरा रेंगाळलं आणि कडेने हळूच खाली गेलं. मागे मऊ गाळ राहिला. सरांच्या बुटांभोवती, आणि थोडा बुटांच्या आत.

पोरं वाकून बुटांकडे बघू लागली.

"बाबा, नदी उभी राहिली का?" रुचिराने वरून विचारलं.

"नाही गो. चालली. पण पेन्शनीत निघाल्यासारखी."

"आणि मैदान कुठे झालं?"

"सरांच्या पायाशी!" सगळी पोरं ओरडली.

सरांनी एक पाय उचलून बघितला. "कशाचं रे झालं?" त्यांनी सुयोगला विचारलं.

"गाळाचं, सर. गाळे नंतर होतात."

तेव्हा सर हसले. चांगले पोट धरून हसले.

"सोमवारपासून शाळेत या," ते रुचिराला म्हणाले. "समुद्राचा पाठ मात्र मी रजेवर असताना घ्या." मग माझ्याकडे वळून, "आजोबा, पाय धुवायला पाणी मिळेल?"

"मिळेल की," मी म्हणालो. "उद्या सकाळी."