मागे दिलेला पास

"उजवीकडे! विठू, उजवीकडे दे!"

कृष्णनाथ मास्तर बांधावरून ओरडले. विठूने उजवीकडे पाहिलं, क्षणभर थांबला आणि चेंडू मागे दिला. कोरगावच्या गड्याने तो वाटेतच अडवून सरळ गोल केला.

हाफटाइमला पाळी गावचे खेळाडू कापलेल्या शेतात बसले. बहुतेक सगळे खाणीवर ट्रक चालवणारे. विठू सगळ्यांपासून दूर बसून बुटाची नाडी सोडू लागला. मागच्या सामन्यात असाच पास चुकलेल्याला मास्तरांनी बाहेर काढलं होतं. तो पुन्हा खेळायला आला नव्हता.

"खाणीवरची सवय," राखीव खेळाडू सगुण म्हणाला. "हंयसुद्धा रिव्हर्स!"

कोणी हसलं नाही. सगुणने शर्ट काढला. "मास्तर, मी उतरू?"

मास्तर शेतात उतरले आणि विठू उभा होता तिथे जाऊन उभे राहिले. तिथून उजवीकडे चार पावलं टाकली. पाचव्या पावलाला चप्पल चिखलात रुतली. बांधावरून तिथे नुसता वाळलेला पेंढा दिसत होता.

ते परत आले. त्यांना विचारायची सवय नव्हती. शाळेत गणित शिकवतानाही ते विचारत नसत, सांगत.

"तिथं तुला काय दिसलं रे?"

विठूने मान वर केली नाही. "ओल दिसली. बॉल थंयच रुतान रवलो असतो. मागे बाबली असतलो असां वाटलां."

"मी डावीकडे मोकळो होतंय," बाबली म्हणाला.

"मग हाक का नाही मारलीस?"

बाबलीने इतरांकडे पाहिलं.

"तुमी आराडत असताना आमी कशे आराडतले, मास्तर?"

मास्तरांनी चपलेचा चिखल बांधाला पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"सगुण, शर्ट घाल. विठू खेळेल."

दुसऱ्या हाफमध्ये पहिली दहा मिनिटं कोणीच बोललं नाही. मास्तरांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग बाबलीचा आवाज आला, चाचरत. मग आणखी एकाचा. हळूहळू शेतात नुसता हाकांचा कालवा झाला.

विठूकडे चेंडू आला. मास्तरांच्या मनात होतं, सरळ. विठूने डावीकडे दिला. बाबलीने मारला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

"परत! परत तसोच!" विठू ओरडला आणि सगळे मागे धावले.

बांधाकडे कोणी पाहिलं नाही. मास्तर खाली बसले. सामना चालू असताना ते कधी बसले नव्हते.