बांधून ठेवलेला गुडघा

हनुमंता कोकरे दोन वर्षं डाव्या पायावर जगला. उजवा पाय सोबत असायचा, पण घरी आलेल्या पाहुण्यासारखा. त्याला कोणी काम सांगत नसे. उठायचं डाव्यावर, पायरी चढायची डाव्यावर. जीपमधून उतरताना आधी दांडा घट्ट धरायचा आणि मग उजवा पाय असा अलगद टेकवायचा, की जणू खाली कोणी अंडी मांडून ठेवली आहेत.

तो रेल्वेत कीमन होता. दौंडच्या अलीकडचा सहा किलोमीटरचा पट्टा त्याच्याकडे असे. सकाळी एका रुळाच्या कडेनं जायचं, दुसऱ्याच्या कडेनं परत यायचं आणि रूळ धरून ठेवणारी जी चावी सैल झाली असेल ती हातोडीनं ठोकून बसवायची. पायाखाली सगळी खडी. तेरा वर्षं त्यानं हे काम केलं, आणि पायाची आठवण त्याला कधी झाली नाही.

मग २००४ चा चैत्र आला. शिरूरजवळ त्याची सासुरवाडी. तिथल्या जत्रेत कबड्डीचे सामने चालले होते, आणि धाकटा मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, तुमी आपलं पंचाशेजारी बसा. शिट्टी धरायला मानूस लागतोच." अडतीस वर्षांचा हनुमंता धोतर खोचून मैदानात उतरला. एक गडी शिवून परत फिरताना पाऊल मातीत रुतून राहिलं आणि गुडघा तेवढा वळला. ऊस मोडावा तसा आवाज झाला. तो आवाज मेहुण्यालाही ऐकू गेला. पुढे कित्येक महिने तो दाजींसमोर मान खाली घालूनच बसायचा.

डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्यातला पुढचा बंध तुटला आहे. ऑपरेशन करता येईल, किंवा पट्टा लावून व्यायामानंही पुष्कळ सुधारेल. हनुमंतानं पट्टा पसंत केला. सहा आठवडे पायावर वजन टाकायचं नाही, डॉक्टर म्हणाले, आणि त्यापुढेही ते बरंच काही बोलले. पण तेवढ्यात हनुमंताच्या डोळ्यांपुढे एक मेंढी येऊन उभी राहिली होती.

तो नऊ वर्षांचा असताना त्यांच्या कळपातल्या एका मेंढीचा पाय दगडांत अडकून दुखावला होता. त्याच्या वडिलांनी, गेणबांनी, बांबूच्या कामट्या लावून तो पाय बांधला, मेंढीला पालाशेजारी डांबून ठेवली आणि बाभळीच्या शेंगा तिच्या तोंडाशी नेऊन दिल्या. दुखावल्या पायाला कसं जपायचं, हे हनुमंतानं तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला आणखी काही ऐकायची गरज वाटली नाही. सहा आठवडे उलटले, सूज उतरली, तो डॉक्टरांकडे परत गेला नाही. जपत राहिला.

साहेबांनी त्याला हत्यारांच्या खोलीत बसवलं. फावडी, पहारी, हातोड्या द्यायच्या आणि संध्याकाळी परत घ्यायच्या. घरी बायको, म्हाळसा, त्याच्या पायाखाली पाट सरकवी, पाटावर उशी ठेवी. गावात, भांडगावच्या पारावर, कोणीतरी म्हणेच, चालू नगस हनुमंता, गादी झिजती. गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरचं ते गुळगुळीत आवरण, ज्याला पुस्तकात कूर्चा म्हणतात. एकदा झिजली की पुन्हा येत नाही, हे तर सगळ्या गावाला पाठ होतं.

दोन वर्षांनी मेडिकल बोर्डाचं पत्र आलं. हत्यारांच्या खोलीत कायमचं बसता येणार नव्हतं. पास झाला तर परत लाइनवर. नापास झाला तर कचेरीत शिपाई, आणि मग लाइनवर परत येणं नाही. खरं सांगायचं तर हनुमंताला आता कचेरीतली ती खुर्चीच हवी होती. दुखण्यापेक्षा तो जपण्याला थकला होता. चोवीस तास एका गुडघ्याची राखण करायची म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. आणि एवढं करून डावाही आताशा कुरकुरायला लागला होता.

बोर्डासाठी काढलेल्या एमआरआयचा कागद आला, त्यात लिहिलं होतं की उजव्या गुडघ्याची गादी पातळ होऊ लागली आहे. हनुमंतानं तो कागद दोनदा वाचून घेतला. चाललोच नाही तर झिजली कशी?

हाच प्रश्न घेऊन तो दौंडला अंकिताकडे गेला. तिचे वडील रेल्वेतच पॉइंट्समन होते. ती पुण्याला फिजिओथेरपी शिकून आली होती, आणि बोर्डाच्या डॉक्टरांनीच तपासणीआधी तिचा अहवाल मागवला होता. तिनं प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. जमिनीवर दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवले, एकेका काट्यावर एकेक पाय ठेवायला सांगितलं, आणि समोर भिंतीकडे बघत दोन्ही पायांवर सारखं उभं राहायला सांगितलं. हनुमंता उभा राहिला. अगदी सारखा.

"आता खाली बघा, मामा," ती म्हणाली.

डावीकडे एक्केचाळीस किलो होते, उजवीकडे पंचवीस.

तो म्हणाला, काटा खराब आहे. तिनं काट्यांची अदलाबदल केली. पायांखालचे आकडे तेच राहिले. मग तिनं काट्याकडे बघत वजन सारखं करायला सांगितलं. हनुमंता उजवीकडे कलू लागला, अठ्ठावीस, तीस, आणि तिथंच अडला. दुखत होतं का? नाही. दुखत नव्हतं. भीती वाटत होती.

अंकितानं त्याला बसवलं आणि सावकाश समजावलं. गादीला रक्त पुरवणारी नळी नसते. पाऊल टेकलं की गादी दाबली जाते, आतलं पाणी थोडं बाहेर जातं. पाऊल उचललं की ते परत आत ओढलं जातं. नदीवर लोकर धुताना दाबून सोडतात ना, तसं. त्या येण्याजाण्यातच तिचं जेवण असतं. फार दाबली, पिळली, तर ती खराब होते हे खरं. पण दाबलीच नाही तर उपाशी राहते.

"तुमची गादी चालून झिजली असं मला वाटत नाही. तुम्ही तिला जेवायलाच दिलं नाही. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, आणि गेलेली परत आणीन असंही मी म्हणणार नाही. राहिलेली सांभाळता येईल."

"म्हंजी दोन वर्सं मी माझ्याच हातानं..." तो उठला, नेहमीसारखा डाव्यावर, आणि निघाला.

तो घरी आला. गेणबा ओसरीवर बसले होते. पंचाहत्तरीचा म्हातारा, नजर अधू झालेली, पण मुलाच्या पावलांचा आवाज त्यांना पुरे होता. काय झालं ते त्यांनी विचारलं. हनुमंतानं सांगितलं, आणि शेवटी जरा चिडूनच म्हणाला, "आबा, तुमी मेंढीला बांधली ती बरी झाली. मला ह्ये असं का?"

"कुठली मेंढी?"

हनुमंतानं ती आठवण करून दिली.

"बांधली व्हय. पन एकवीस दिसांनी सोडली की."

"सोडली?"

"तवा तू कुठं हुतास? शाळंपायी मामाकडं गेलतास. सोडली आन् काठी घिऊन मागं लागलो. वरडायची, बसायची. उठवून पुन्ना कळपामागं. पैल्या दिशी वढ्यापतूर, मंग रोज जरा फुडं. न्हाई तर खुरं वाढत्यात आन् मेंढी बसून जाती."

"मला का न्हाई सांगितलंत?"

"तू कवा इचारलंस? मला वाटलं, डाक्टरनी सांगितलंय तसं चाललंय."

दारात उभी असलेली म्हाळसा म्हणाली, "मेंढीच्या मागं काठी तरी हुती. ह्यांच्या मागं मी उशी घिऊन फिरले." गेणबा हसले. हनुमंताला हसू आलं नाही. त्याला फक्त खूप दमल्यासारखं वाटलं. नऊ वर्षांच्या पोरानं अर्धी रीत पाहिली होती, आणि चाळिशीचा माणूस तिच्या भरवशावर बसून राहिला होता.

सोमवारी बोर्डापुढे डॉक्टरांनी कागद चाळले आणि विचारलं, बसून करायचं काम देऊ का? त्यांच्या आवाजात कणव होती. हो म्हणणं इतकं सोपं होतं की हनुमंताची जीभ तेवढी हललीही. मग त्यानं तीन महिने मागितले. डॉक्टर म्हणाले, तुटलेला बंध तुटलेलाच राहणार, पाय वळवताना जपावंच लागेल, आणि कशाचीही हमी नाही.

"खुर्चीची तरी कुठं हाय, सायेब," हनुमंता म्हणाला.

तीन महिने मिळाले. आधी भिंतीला टेकून मांडीचे व्यायाम, मग काट्यांवर उभं राहणं, मग भांडगावच्या सपाट रस्त्यावर मोजून पाच मिनिटं. अंकितानं एकच नियम घालून दिला होता: सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर त्या दिवशी कमी चालायचं, पण बंद करायचं नाही. दोनदा सुजला. दुसऱ्यांदा तर त्याला सगळं सोडून द्यावंसं वाटलं, आणि चार दिवस तो चालायलाही गेला नाही, अंकिताकडेही फिरकला नाही. पाचव्या दिवशी गेणबा काठी घेऊन दारात येऊन बसले. त्याला चालायला जाणं भाग पडलं.

तीन महिन्यांनी बोर्डानं त्याला लाइनवर जायला परवानगी दिली, सुरुवातीला अर्धा पट्टा, तोही दुसऱ्या कीमनच्या सोबतीनं. दिवाळीनंतर एका दिवशी तो पहिल्यांदा एकटा पूर्ण पट्टा चालला. खडीवर पाऊल कधी कुठे पडेल याचा नेम नसे. वळताना तो थांबून अंग आधी वळवी आणि मग पाय. गाडी येऊन गेली की बाजूला उभा असताना पुन्हा निघायचा कंटाळा येई. कचेरीतल्या शिपायाला सावली असते, हे त्याच्या मनात त्या दिवसात चार वेळा तरी येऊन गेलं.

संध्याकाळी घरी येऊन तो ओसरीवर टेकला. म्हाळसानं कढत पाण्याची बादली आणून ठेवली.

"लई दमलाव?"

"दमलोय."

"कंचा पाय दुखतोय?"

हनुमंतानं डोळे मिटून आधी एक पाय ताणला, मग दुसरा. उत्तर द्यायला त्याला जरा वेळ लागला.

"दोनी," तो म्हणाला. "सारखंच." आणि त्यानं दोन्ही पाय बादलीत घातले.