डाव्या चाकातली स्प्रिंग

पिंगळीत दत्तरावांच्या अंगणात हरिओमची जुनी मारुती मागून जॅकवर उचललेली होती. त्यांचा हा मुलगा जाऊन वर्ष झालं होतं. आता सून राजेश्री हीच गाडी घेऊन पोखर्णीच्या शाळेत शिकवायला जाणार होती, म्हणून हरिओमचे गाडीवेडे दोस्त नागसेन आणि बजरंग मागचे ब्रेक बदलायला आले होते.

त्यांची रीत ठरलेली. दोन्ही चाकांचे ड्रम काढायचे, पण आतले भाग एकाच बाजूचे सोडायचे आणि दुसरी बाजू बघून जोडायचे. त्यांनी उजवी बाजू सोडली.

“डावी हरिओमनं सोता बसवलीय,” दत्तराव म्हणाले. “तिच्यावरून बघा. अन् ती तशीच राहू द्या.”

नागसेन वाकून बघत राहिला आणि एकदम हसला. “काका, आमाला शिकवणाऱ्या गुरुजीनंच स्प्रिंग उलटी लावलीय की!”

बजरंगही हसला. मग दत्तरावांच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं, तसं दोघांनी हसू आवरलं.

“चालंल न्हाई का तशी?”

“न्हाई काका. ब्रेक धरायचा न्हाई. वहिनी चालवणार हाय गाडी.”

दत्तरावांनी पक्कड मागून घेतली. हरिओमच्या हातचं काम दुसऱ्या कुणी खोलावं, हे त्यांना सोसवणार नव्हतं. स्प्रिंग लय घट्ट होती. लेकानं किती जोर लावला असेल, ते त्यांच्या बोटांना कळत होतं. शेवटी ती निघाली.

नागसेननं नवी सुलट बसवली, बजरंगनं उजवी बाजू जोडली. आता दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसत होत्या. त्यातली हरिओमची कोणती, हे कुणाला सांगता आलं नसतं.